एक्सट्रॅककॅड: सहा फुटी फळीवर एक बंद पडलेलं स्विस स्टेशन

माटुंगा वर्कशॉपच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ३४ वर्षं काढली. मिनी ड्राफ्टर, रोटरिंगची पेनं, ट्रेसिंग पेपर आणि अमोनियाच्या प्रिंटचा तो वास. शेवटची काही वर्षं कॉम्प्युटर आला, पण तोवर हात तयार झालेला होता आणि तो कागदाचाच होता. त्यामुळे मॉडेल रेल्वेचा आराखडा काढायला सॉफ्टवेअर लागतं, हे मला आधी पटत नव्हतं. गेले आठ महिने मी एक्सट्रॅककॅड वापरतोय. आता त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण मराठीत यावर कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही आणि छोट्या घरात हा छंद करणारे आपल्याकडे बरेच आहेत.

आधी स्टेशनबद्दल सांगतो. सॉफ्टवेअर कशासाठी हवं होतं ते त्याशिवाय कळणार नाही.

मुलगा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला नोकरीला आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. त्याला माझी आवड माहीत, म्हणून एका रविवारी तो मला आल्प्सच्या दक्षिणेला, बेलिन्झोनाजवळच्या कास्तिओनेला घेऊन गेला. तिथून मेसोल्चिना खोऱ्यात एक मीटर गेजची लाइन जायची. १९०७ साली सुरू झालेली, बेलिन्झोना ते मेसोक्को, ३१ किलोमीटर. १९४२ पासून ती रेटियन रेल्वेकडे होती, पण त्या कंपनीच्या बाकीच्या जाळ्याला कुठेच जोडलेली नव्हती. मध्ये सान बर्नार्दिनोचा डोंगर. १९७२ मध्ये प्रवासी गाड्या बंद करून बस सुरू केली. ऑगस्ट १९७८ मध्ये मोएझा नदीला मोठा पूर आला, त्यात कामाच्या वरची लाइन उद्ध्वस्त झाली आणि ती पुन्हा बांधली नाही. खालच्या भागात मालगाड्या २००३ पर्यंत चालल्या. हौशी मंडळींनी १९९५ पासून कास्तिओने ते कामा अशी पर्यटकांची गाडी चालवली, तीही २०१३ ला थांबली. आम्ही गेलो तेव्हा ती चालू होती, हे माझं नशीब.

कामा हे गावाचं नाव. गाडी तिथे थांबली, सगळे उतरले आणि जंगलाच्या कडेला दगडी कोठारं आहेत तिकडे जेवायला गेले. त्यांना ग्रोत्तो म्हणतात. डोंगरातून येणाऱ्या थंड हवेवर तिथे पूर्वी वाइन आणि चीज ठेवत. मी मात्र रुळाच्या टोकाकडे चालत गेलो. पुढे लाइन नाही हे माहीत होतं, तरी पाहायचं होतं. गवत, चेस्टनटची झाडं आणि जिथून पुढे मेसोक्कोला गाडी जायची तिकडची नुसती मोकळी पट्टी. रेल्वेत आयुष्य घालवलेल्या माणसाला असं दृश्य आत कुठेतरी लागतं. मी तिथे बराच वेळ उभा होतो. मुलगा हाक मारायला आला तेव्हा मी त्याला म्हटलं, हे मला घरी न्यायचंय.

आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटली. रेटियन रेल्वेच्या मुख्य जाळ्यावर ११ हजार व्होल्ट एसी आहे, पण या एकट्या पडलेल्या लाइनवर १५०० व्होल्ट डीसी होतं. म्हणजे १९२५ साली व्हीटी-कुर्ल्यापासून आपल्याकडे सुरू झालं आणि मुंबईच्या लोकलला अगदी परवापरवापर्यंत होतं तेच. आणि मुलगा राहतो त्या विंटरथूरच्या एसएलएम कारखान्याने आपल्या घाटांसाठी खेकडा इंजिन आखलं, पहिली काही तिथेच बांधली. त्या इंजिनांनी भोर आणि थळ घाटात मालगाड्या ओढल्या. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक उभं आहे. नातीला तिथे नेऊन दाखवलंय.

तर मॉडेल. जागा म्हणजे डोंबिवलीच्या फ्लॅटमधली बेडरूमची खिडकीखालची भिंत. तिथे हिचं शिलाई मशीन आहे, ते हलणार नाही असं ठरलेलं आहे. उरलं १८० सेंमी लांब आणि ३५ सेंमी रुंद. म्हणजे जेमतेम सहा फुटी फळी, दोन तुकड्यांत, काढून कपाटावर ठेवता येईल अशी. प्रमाण १:८७, गेज १२ मिलिमीटर, ज्याला एचओएम म्हणतात. खऱ्या मीटर गेजला ८७ ने भागलं की साडेअकरा येतात, म्हणून ते १२ बरंच बरोबर आहे. मुलाने वापरलेला एक लाल मोटारकोच, म्हणजे स्वतःच्या मोटरवर चालणारा डबा, आणि दोन मालडबे आणून दिले. रूळ पेको कंपनीचा एचओएम, ९१४ मिलिमीटरचे लवचीक तुकडे आणि तीन सांधे, म्हणजे एका रुळाच्या दोन वाटा होतात ते पॉइंट.

आता सॉफ्टवेअर. एक्सट्रॅककॅड फुकट आहे आणि खुलं आहे. पूर्वी ते विकलं जायचं, मग बनवणाऱ्यांनी ते सगळ्यांसाठी मोकळं केलं आणि आता स्वयंसेवक सांभाळतात. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. माझा जुना लॅपटॉप लिनक्सवर आहे, त्यावर काही अडचण आली नाही. दुसरं नाव नेहमी ऐकू येतं ते एनीरेल, पण ते विंडोजचं आणि त्याच्या फुकटच्या आवृत्तीत ५० तुकड्यांची मर्यादा. माझ्या आराखड्यात एवढे तुकडेच नाहीत, म्हणजे मर्यादेची अडचण आली नसती. ते शिकायलाही सोपं आहे असं मित्र सांगतो. मी एक्सट्रॅककॅडकडे वळलो तो दुसऱ्या कारणाने: यात काम ड्रॉइंग बोर्डासारखं होतं. रेघ, कंस, स्पर्शरेषा, थर, मापं. तयार तुकडे जोडत बसण्यापेक्षा मला रेघ ओढायची सवय.

पहिला आठवडा मात्र त्रासाचा गेला. पडद्यावर बारीक चिन्हांची रांग आहे आणि कुठलं काय करतं ते नावावरून कळत नाही. एखादी आज्ञा निवडली की खालच्या पट्टीत पुढचं पाऊल लिहून येतं, ते वाचायची सवय लावली तरच पुढे जाता येतं. ज्याने ऑटोकॅड वापरलंय त्याचा हातही इथे चुकतो, कारण माउसची बटणं वेगळी वागतात. दुसरं, यात त्रिमितीतलं चित्र दिसत नाही. वरून पाहिलेला नकाशा आणि उभा छेद एवढंच. ज्यांना डोंगर, घरं, झाडं पडद्यावर फिरवून पाहायची आहेत त्यांनी दुसरं काहीतरी बघावं. मला त्याची उणीव वाटली नाही, कारण आम्ही प्लॅन, एलेव्हेशन आणि सेक्शनवरच आयुष्यभर डबे बांधले.

सांध्यांपासून सुरुवात केली. लायब्ररीतली तयार मापं घ्यावीत की स्वतः मोजावीत, यावर मी स्वतः मोजायचं ठरवलं. सांधा आलेखाच्या कागदावर ठेवला, दोन्ही टोकांना बारीक पेन्सिलने खुणा केल्या, वळणाऱ्या बाजूचं टोक सरळ रेषेपासून किती बाहेर जातं ते मोजलं, कोन काढला. सॉफ्टवेअरमध्ये नवा सांधा तयार करायची खिडकी आहे, त्यात ही मापं भरली. मग पडद्यावर जो सांधा उमटला तो छापून खऱ्या सांध्याखाली ठेवला. रुळाची कडा आणि रेघ तंतोतंत जुळली. त्या दिवशी माझा या सॉफ्टवेअरवर विश्वास बसला.

पहिल्या आराखड्यात मी सात सांधे घातले होते. सगळं हवं असतं ना माणसाला: दोन फलाट, मालधक्का, इंजिनशेड, आणखी एक फाटा रिकामे डबे ठेवायला. सॉफ्टवेअरमध्ये किमान त्रिज्या आणि कमाल चढ आधी सांगून ठेवता येतो. जिथे मर्यादा मोडते तो रुळ वेगळ्या रंगात दिसतो. माझा अर्धा आराखडा त्या रंगात होता. कागदावर काम करताना असं काही सांगायला कुणी नसायचं. तपासनीस ड्रॉइंग बघायचा आणि लाल पेन्सिलने गोल करून परत पाठवायचा. इथे तो तपासनीस माझ्या शेजारी बसल्यासारखा होता.

मग एका संध्याकाळी लक्षात आलं की १९७८ च्या पुरानेच माझं काम सोपं करून ठेवलंय. चालू लाइनवरचं स्टेशन करायचं तर दोन्ही बाजूंना गाड्या जायला जागा लागते, दोन्हीकडे गाडी लपवायची सोय लागते. पण पुरानंतर वरच्या दिशेला गाडी जाणारच नाही. एका बाजूने येईल आणि त्याच बाजूने जाईल. म्हणजे फळीच्या उजव्या टोकाला ६० सेंमीचा एक सुटा तुकडा पुरे, डावीकडे काहीच नको. आणि बंद पडत आलेल्या स्टेशनात सात सांधे कुठून येणार? उखडलेले फाटे गवतातल्या नुसत्या पट्टीने दाखवता येतात, त्यांना रूळ लागत नाही, जागाही कमी लागते. मी चार सांधे पुसले. राहिले तीन: क्रॉसिंग लूपचे, म्हणजे मुख्य रुळातून फुटून पुन्हा त्यालाच मिळणाऱ्या फाट्याचे, दोन आणि मालधक्क्याचा एक. मी हुबेहूब कामा करत नाहीये, त्या लाइनवर शोभेल असं एक कल्पनेतलं स्टेशन करतोय, साल साधारण १९८५.

लूप किती लांब हवा हे गाडीवरून ठरतं. मोटारकोच १९५ मिलिमीटर, दोन डबे प्रत्येकी ११०, मिळून ४१५. लूपमध्ये मोकळी जागा ४५ सेंमी ठेवली. त्याच्या डावीकडे मोटारकोच सुटून मागे फिरेल एवढा २४ सेंमीचा तुकडा. फळीच्या डाव्या काठापासून २२ सेंमीवर रूळ संपतो. पुढे गवत, काटेरी झुडपं आणि जुन्या लाइनची पट्टी.

उजवीकडच्या ५० सेंमीत मला जो आनंद मिळाला तो मी कसा सांगू? त्या लाइनची सर्वात तीव्र वळणं ८० मीटर त्रिज्येची होती. ८७ ने भागलं की ९२ सेंमी. मॉडेलमध्ये एवढं वळण कुणाला परवडत नाही, बेमो कंपनीचं लहानात लहान तयार वळण ३३ सेंमीचं आहे आणि बहुतेक जण तेवढंच घेतात, कारण गोल फिरून परत यायचं असतं. मला परत यायचंच नव्हतं. मी ९२ सेंमीची त्रिज्या घातली, ५० सेंमी पुढे ओढली. रुळ फळीच्या पुढच्या बाजूने निघून मागे १४ सेंमी सरकला. ३५ सेंमीच्या फळीत आरामात बसलं! सरळ रुळातून वळणात जाताना सॉफ्टवेअर स्वतः ट्रान्झिशन कर्व्ह, म्हणजे हळूहळू तीव्र होत जाणारं वळण, घालून देतं. त्यामुळे मोटारकोच वळणात शिरताना झटका बसत नाही. खऱ्या लाइनचं खरं वळण, एका इंचाचीही तडजोड न करता, डोंबिवलीच्या बेडरूममध्ये.

चढाचंही तसंच. आपल्या कसारा घाटात ३७ ला १ चढ आहे, म्हणजे हजारी २७. मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावल्याशिवाय मालगाडी चढत नाही. मेसोल्चिनाच्या लाइनवर कमाल चढ हजारी ६० होता, दुपटीहून जास्त, आणि तोही दातेरी रुळाशिवाय, नुसत्या चाकांच्या पकडीवर. ५० सेंमीत हजारी ६० म्हणजे ३० मिलिमीटर. रुळाच्या टोकांना उंची लिहिली की मधला चढ किती ते सॉफ्टवेअर सांगतं आणि उभा छेद काढून दाखवतं. छेद पाहिल्यावर कळलं की सपाटीवरून एकदम ६० वर गेलं तर मोटारकोचचं पोट टेकेल. म्हणून दोन्ही टोकांना १० सेंमी हजारी ३० चा चढ दिला, मध्ये ३० सेंमी हजारी ६०. एकूण उंची २४ मिलिमीटर आली. प्लायचा एक तुकडा पाचरीवर ठेवून, त्यावर रूळ टेपने चिकटवून चाचणी घेतली. दोन डबे घेऊन मोटारकोच चढला. तिसरा मागायला गेलो, मित्राकडून उसना आणला, तेव्हा चाकं घसरली. म्हणून गाडी दोन डब्यांचीच. लूपचं माप आधीच त्यावर ठरलं होतं, ते तसंच राहिलं.

थरांची सोय मला सर्वात उपयोगी पडली. एका थरावर रूळ, दुसऱ्यावर फळीचे तुकडे आणि खालचा लाकडी सांगाडा, तिसऱ्यावर इमारती आणि फलाट, चौथ्यावर फक्त मोकळ्या जागेची मर्यादा. ही चौथी का? त्या लाइनवर मोठ्या गेजचे मालडबे खालच्या ट्रॉल्यांवर चढवून मीटर गेजवरून नेत असत. मला असा एक डबा मालधक्क्यावर उभा करायचाय. तो मॉडेलमध्ये ३५ मिलिमीटर रुंद भरतो. म्हणून प्रत्येक रुळाच्या दोन्ही बाजूंना मिळून ४० मिलिमीटरची पट्टी आखली आणि तिच्यात फलाटाची कडा किंवा खांब येत नाही ना ते पाहिलं. मालधक्क्याची छपरी दोनदा सरकवावी लागली.

सॉफ्टवेअरमध्ये गाडी चालवूनही बघता येते. नात बाजूला बसून ती चालवायची आणि दर वेळी लूपच्या दुसऱ्या सांध्यावर चुकीच्या बाजूला पाठवायची. त्यातून मला कळलं की तो सांधा उलटा ठेवला तर डबे ढकलायची एक खेप वाचते. तो मी खरोखर उलटा केला.

आता छपाई, जिथे सगळ्यांनी सावध राहायला हवं. आराखडा एकास एक मापात छापता येतो. माझा १८० बाय ३५ सेंमीचा आराखडा ए४ च्या १४ पानांवर बसला, सात आडवी, दोन उभी. कोणती पानं छापायची ते चौकोनांवर टिचकी मारून निवडता येतं आणि पानं जुळवायला कोपऱ्यात खुणा येतात. माझ्याकडे प्रिंटर नाही. जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन गेलो, पानाला पाच रुपये देऊन छापून आणलं, रात्री जेवणानंतर फरशीवर पानं पसरून टेपने जोडली. दिसायला सुरेख. सकाळी सांधा वर ठेवला तर बसेना. पट्टीने मोजलं, जिथे १० सेंमी हवं तिथे ९.७. दुकानातल्या कॉम्प्युटरवर पान कागदात बसवून छापायची खूण लावलेली होती, मी ती काढायला सांगितली नव्हती. तीन टक्के म्हणजे १८० सेंमीत साडेपाच सेंमी. तेवढ्यात माझा मोटारकोच फिरवायचा तुकडा गेला असता. त्या कागदावर जर मी प्लाय कापला असता तर सगळं फुकट. आता प्रत्येक पानावर मी १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवतो आणि पहिलं पान छापून झालं की दुकानातच पट्टी लावून मोजतो, मगच पुढची १३.

दुसऱ्यांदा छापलेला कागद फळीवर चिकटवला आणि त्यावर डबे हाताने ढकलत बसलो. पडद्यावर न दिसलेली एक गोष्ट तिथे दिसली: खिडकीतून बघताना माझी नजर थेट डाव्या बाजूच्या गवताकडे जाते, रुळाच्या टोकाकडे. मला तेच हवं होतं. स्टेशनची इमारत मी थोडी मागे आणि उजवीकडे सरकवली, म्हणजे ती त्या मोकळ्या पट्टीवर सावली टाकणार नाही. शेवटी सामानाची यादीही सॉफ्टवेअरनेच काढून दिली: लवचीक रुळाचे तीन तुकडे पुरतात. मी अंदाजाने पाच घेणार होतो.

कुणासाठी चांगलं, कुणासाठी नाही? ज्याला तयार तुकड्यांचा अंडाकृती ट्रॅक रविवारी जमवायचाय त्याने हे शिकण्यात वेळ घालवू नये. मुलांनाही मी हे देणार नाही. त्यांना आधी कोथरूडला भाऊ जोशींच्या मिनिएचर रेल्वेत न्यावं, हात लावायची इच्छा तिथे होते. पण ज्याच्याकडे जागा थोडी आहे, ज्याला एखाद्या खऱ्या जागेचं माप जपायचंय आणि दोन-तीन आठवडे डोकं घालायची तयारी आहे, त्याने हे जरूर घ्यावं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या पहिल्या आठवड्यासाठी आणि मराठी तर सोडाच, कुठलीच भारतीय भाषा त्यात मला दिसली नाही त्यासाठी.

प्लाय कापून झालाय, १२ मिलिमीटरचा. कागद अजून त्यावर चिकटलेला आहे, तो काढायचा नाही, त्यावरूनच खिळे ठोकणार. डाव्या काठापासून २२ सेंमीवर मी पेन्सिलने आडवी रेघ मारली आहे आणि तिच्याशेजारी ड्रॉइंग ऑफिसच्या सवयीने सरळ अक्षरांत लिहिलंय: रूळ येथे संपतो, ७-८-१९७८.